वार्निश, लाख आणि सानगडीचा डोंगा

लाकडी नावेला हाताने वार्निश चढवणे हे काम दुरून पाहताना सोपे वाटते. लाकूड घासून गुळगुळीत करायचे, धूळ पुसून काढायची, कुंचला बेताने बुडवून लाकडाच्या रेषेला धरून एक लांब ओढ घ्यायची आणि ती वाळेपर्यंत तिला स्पर्श करायचा नाही. वाळली की बारीक काचकागदाने हलके घासायचे आणि पुन्हा तेच. हवा दमट असेल तर थांबायचे, ऊन कडक असेल तरी थांबायचे. हौसेच्या नौकांना असे सहा-सात थर सहज दिले जातात, आणि उन्हापावसाने ते करपले की सारे पुन्हा आरंभापासून करावे लागते. आपल्याकडचे रंगारी अशा प्रत्येक थराला ‘हात’ म्हणतात. ‘तीन हात दिले’, ‘अजून एक हात मारायला हवा’ ही त्यांची भाषा. थराला हात म्हणणारी ही भाषा आम्हांला महत्त्वाची वाटते, कारण लाकडावर शेवटी जे चकाकते ते द्रव्य असले तरी त्याची मोजणी मात्र श्रमाने होते.

प्रस्तुत लेखात आम्हांला या कृतीचा इतिहास पाहायचा आहे, तोही समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या एका गावी उभे राहून. हे गाव म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी. किल्ल्याचे अवशेष, तलाव, सभोवार धानाच्या बांध्या आणि त्यांपलीकडे पळसाचे रान. वार्निशचा इतिहास लिहायचा तर लंडन, व्हेनिस, फार तर मुंबईची गोदी इथून आरंभ करण्याची रीत आहे. आम्ही सानगडी निवडण्याचे कारण असे की, वार्निश ज्या दोन द्रव्यांपासून बनते ती दोन्ही या प्रदेशात पिकत आली, आणि तरीही इथल्या तलावात फिरणाऱ्या डोंग्याला वार्निशचा हात कधी लागला नाही. हा विरोधाभास कसा समजून घ्यावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी एक मोह बाजूला सारतो. या भागात नावांचे खेळ फार. मराठीत ‘सांगड’ म्हणजे दोन नावा वा ओंडके जोडून केलेला तराफा, आणि गावाचे नाव सानगडी. शेजारचे तालुके लाखनी आणि लाखांदूर, रानात लाख, बांधीत लाखोळी. आणि वऱ्हाड-झाडीपट्टीकडे त्या डाळीलाही लाखच म्हणतात. एवढी सामग्री हाती आल्यावर एखादी व्युत्पत्ती रचून टाकणे अवघड नाही. पण ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. स्थानिक इतिहासाच्या नावाखाली असे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचे कारण नाही.

वार्निश म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. राळ आणि तिला पातळ करून पसरवणारे द्रव्य यांचा तो मिलाफ आहे, आणि त्याची दोन मुख्य घराणी आहेत. पहिल्यात राळ मद्यार्कात विरघळवतात. मद्यार्क उडून जातो आणि राळेचे पातळ कवच मागे उरते. सुताराच्या हातातले लाखेचे पॉलिश, जे तो कापडाच्या बोळ्याने गोल गोल फिरवत चढवतो, ते या घराण्यातले. दुसऱ्यात राळ तेलात शिजवतात. हे तेल बहुधा जवसाचे, कारण ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होत जाते. लोक त्याला ‘वाळणे’ म्हणतात, पण वस्तुतः तेथे काही उडून जात नाही. तेलच रूप पालटून कातडीसारखे होते. नावेसाठी जे वार्निश वापरतात ते या दुसऱ्या घराण्यातले. शब्दांतही हा भेद टिकून आहे. आपला ‘रोगण’ हा शब्द फारसी ‘रौगन’ म्हणजे तेल, तूप यावरून आलेला. म्हणजे मुळात तो तेलाचा शब्द आहे. ‘चंद्रस’ हा राळेचा शब्द आहे. आणि ‘वार्निश’ इंग्रजीच्या डब्यातून आलेले. त्याचे मूळ काही कोशकार उत्तर आफ्रिकेतील बेरेनिके या प्राचीन नगराच्या, म्हणजे आजच्या बेनगाझीच्या, नावापर्यंत नेतात.

आता सानगडीच्या रानाकडे वळू. लाख हा एका सूक्ष्म किड्याचा स्राव आहे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे घर बांधतात. लाखेच्या बीजाच्या काड्या नव्या फांदीला बांधायच्या, महिनोन्महिने राखण करायची, मग फांद्या तोडून लाख खरवडून काढायची, असे हे पीक आहे. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात, ते आजही घेतले जाते. लाखेची ओळख आपल्याला फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे, आणि तिथे ती जखम भरून काढणारी म्हणून येते. महाभारतातले लाक्षागृह सर्वांना ठाऊक आहे. ‘ऐने अकबरी’त बांधकामाच्या साहित्याचे भाव देताना अबुल फझल दारांच्या चिकांवर चढवायच्या लाखेत कोणता रंग किती प्रमाणात मिसळावा हेही नोंदवतो. आपल्या सावंतवाडीत गंजिफांच्या पानांवर आणि कातीव लाकडी वस्तूंवर लाखेचा लेप चढवण्याची परंपरा आहे. सारांश, लाकडावर राळेचा हात देण्याची विद्या या देशाला नवी नव्हती.

लाखेचा चपडा तयार करण्याची जुनी रीत तर हाताच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण मागेल अशी आहे. धुऊन दाणेदार केलेली लाख लांबलचक कापडी नळीत भरून भट्टीसमोर धरायची आणि नळी पिळत जायची. वितळलेली लाख बाहेर पाझरली की ती थापून पोळी करायची, आणि मग एक कारागीर ती गरम पोळी हातांनी, पायांनी आणि दातांनी धरून चहूकडे ताणायचा, इतकी की तिचा कागदासारखा पातळ पापुद्रा व्हावा. तो थंड झाला की मोडून तुकडे करायचे. मिर्झापूरसारख्या पेठांमधून हा माल जगभर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि लाखेच्या लाल रंगाचा व्यापार बसला. पण राळेची मागणी वाढतच गेली. युरोपातील दिवाणखान्यांचे मेज आणि पियानो तिने उजळले. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्या झाल्या. बालगंधर्वांचा किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज ज्या काळ्या तबकड्यांतून घरोघरी पोचला, त्यांना घट्टपणा देणारे द्रव्य झाडावरच्या किड्याचे होते, हे आपण सहसा आठवत नाही.

दुसरे द्रव्य जवस. धान कापणीला येण्यापूर्वी बांधीतल्या ओलीत जवसाचे किंवा लाखोळीचे बी विस्कटून टाकायचे आणि भात निघाल्यावर उरल्या ओलाव्यावर दुसरे पीक घ्यायचे, ही या भागातली जुनी पद्धत. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, आणि १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग भंडाऱ्याच्या मुलखातून पुढे गेला. मध्य प्रांताचे जवस मुंबईमार्गे युरोपला जाऊ लागले. महत्त्वाचे हे की परदेशी गेले ते प्रामुख्याने बी. तेल तिकडे गाळले गेले. तिथे ते तेल झांझिबारच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढलेल्या अश्मीभूत राळेबरोबर शिजवले जाई. ही राळ इतकी कठीण की आधी तीनशे अंशांच्या वर तापवून वितळवल्याखेरीज तेलात मिसळत नसे. त्यातून जे वार्निश तयार होई ते डब्यांत भरून पुन्हा मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत उतरे. हावड्याला शालिमारचा रंग-वार्निशचा कारखाना निघाला तो १९०२ साली. मुंबईत एशियन पेंट्सचा आरंभ झाला १९४२ साली. तोवर रेल्वेने गेलेल्या बियाची आणि परतलेल्या डब्याची किंमत यांतला फरक कोणाच्या पदरी पडला, हे दादाभाईंच्या वाचकांना सांगायला नको.

हा कच्च्या मालाचा परिचित इतिहास झाला. त्याने आमचा प्रश्न सुटत नाही. डबा महाग होता, म्हणून डोंग्याला वार्निश लागले नाही, असे म्हणून थांबता येईल का? लाख तर दारची होती. मग तीच का लावली नाही?

याचे पहिले उत्तर द्रव्याच्या स्वभावात आहे. लाखेचे पॉलिश पाण्यापुढे टिकत नाही. ओला पेला ठेवला तरी त्यावर पांढरे वर्तुळ उमटते. चोवीस तास पाण्यात असलेल्या लाकडावर ते काय टिकणार? राहिले तेलाचे वार्निश. ते पाण्याला पुष्कळ तोंड देते, पण त्यासाठी लाकूड आधी कोरडे हवे. ओल्या लाकडावर चढवलेले कवच आतल्या ओलाव्याने फुगते आणि पापुद्रे सुटतात. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरून काढलेली नाव. तिला फळ्या नाहीत, सांधे नाहीत. तिचा खरा शत्रू पाणी नसून कोरडेपणा आहे. लाकडातला ओलावा सुमारे तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागला की ते आकसू लागते, आणि विदर्भातल्या वैशाखात काठावर उघडा पडलेला कोरीव ओंडका तडकायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून देशात अनेक ठिकाणी, काम नसलेल्या दिवसांत, अशा नावा पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत आहे. ज्या नावेचे रक्षण पाणीच करते, तिला पाण्यापासून वाचवणारे कवच हा भलताच उपाय ठरेल.

दुसरे उत्तर किनाऱ्यावर सापडते, आणि त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. हिंदी महासागरातील नावांबद्दल परकी प्रवाशांनी जे लिहून ठेवले, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. तेराव्या शतकात मार्को पोलोला होर्मुझच्या जहाजांवर युरोपातल्यासारखा डांबराचा लेप दिसला नाही. त्यांना माशाचे तेल चोळलेले होते. चिनी जहाजांविषयी तो सांगतो की चुना, ताग आणि एका झाडाचे तेल कुटून त्यांना लावतात. १७७० च्या दशकात डच नौदलाचा कप्तान स्टाव्होरिनस सुरतेत होता. तिथली जहाजबांधणी पाहून त्याने नोंदवले की फळ्या खाचेत खाच बसवून जोडतात आणि जहाजाच्या तळाला अधूनमधून एक ‘लाकूडतेल’ चोळतात. फळ्या ते पिऊन टाकतात आणि त्याने लाकडाचे पोषण होते. आमच्या कोकणात मुशीच्या काळजाचे तेल होड्यांना चोळत. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना आणि जाळ्यांनाही लावत. पावसाळ्यात होड्या ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेच्या आधी तेलपाणी करून पुन्हा दर्यात लोटायच्या, असे हे वर्षाचे चक्र होते.

येथे दोन भिन्न दृष्टी दिसतात. एक लाकडाला झाकते, दुसरी लाकडाला पाजते. वार्निशचे कवच लाकूड आणि पाणी यांच्यामध्ये उभे राहते. ते अखंड असेतो उत्तम, पण त्याला एक चीर गेली की पाणी आत शिरते आणि मग त्याच कवचामुळे ते बाहेर पडू शकत नाही. चोळलेले तेल कवच फारसे करत नाही. ते आत मुरते, झिजते आणि पुन्हा चोळावे लागते. त्याची चकाकी नसते, त्यामुळे बिघाड लपतही नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. दोन शतकांचे हे आयुष्य मुळात लाकडाच्या निवडीचे आणि जोडणीचे आहे. चकाकीचा त्यात वाटा फार नाही. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य आरमारासाठी झाडे कोणती, कोणाच्या परवानगीने आणि कशी तोडावीत हे इतक्या काळजीने सांगतात, त्याचे मर्मही हेच असावे.

एवढ्यावर लेख संपवला असता तर वाचकांनाही बरे वाटले असते आणि आम्हांलाही. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, वार्निश नसणे हेच शहाणपण होते, असा समारोप करता आला असता. गेल्या काही वर्षांत ‘लोकज्ञान’ या शब्दाभोवती असे समारोप पुष्कळ झाले आहेत. आम्हांला तो मार्ग प्रामाणिक वाटत नाही.

कारण वार्निशला केवळ कोरडे लाकूड लागत नाही; कोरडी जागा लागते, रिकामे दिवस लागतात, आणि मुख्य म्हणजे नाव आणि पाणी या दोहोंवर हक्क लागतो. १८४६ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या यॉट क्लबच्या सभासदाला आपली नौका छपराखाली ठेवून सहा हात देववता येत होते; हात दुसऱ्याचे असत, चकाकी त्याची. भंडाऱ्याच्या तलावांचा इतिहास वेगळा आहे. हे तलाव पुष्कळसे कोहळी समाजाने बांधले. नवेगावचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्रजी अमदानीत गावचा मालक मालगुजार ठरला आणि तलाव मालगुजारी तलाव झाले. त्यात मासे धरणारे आणि शिंगाडे लावणारे ढिवर मात्र पाण्याचे मालक कधीच नव्हते. १९५१ साली मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. पुढे मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे गेले. पाण्याचा धनी बदलला, पण डोंग्यात बसणाऱ्याच्या वाट्याला मुदतीचा हक्कच राहिला. पुढच्या ठेक्यात हे पाणी आपल्याकडे असेल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने नावेवर किती हात खर्च करावेत?

तेव्हा डोंग्याचे बिनवार्निशी अंग हा काही अंशी लाकडाचे आणि पाण्याचे अचूक ज्ञान आहे, आणि काही अंशी वंचना. या दोहोंची वाटणी सहजासहजी करता येत नाही, आणि करूही नये, असे आमचे मत आहे. ज्ञानाचाच भाग पाहिला तर गरिबीचे गौरवीकरण होते. वंचनेचाच पाहिला तर पाण्यात नाव बुडवून तिला जगवणाऱ्या माणसाची बुद्धी नाकारली जाते.

इतिहासाच्या साधनांचीही येथे अडचण आहे. लिहिणाऱ्यांना जे दिसले ते त्यांनी लिहिले. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त चार डोलकाठ्यांच्या नावेला पांढरा, तीनच्या लाल, दोनच्या पिवळा आणि एकीच्या निळा रंग सांगितला आहे, ती राजाच्या नजरेची नोंद आहे. वासाहतिक गॅझेटियरांत जवसाखालची जमीन आणि जंगलाचे उत्पन्न आले, कारण ते पोत्यांत आणि रुपयांत मोजता येत होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथांत ढीमर आले, त्यांचे व्यवसाय आले. पण नावेवर फिरणारा हात पोत्यात भरता येत नाही. रानातून लाख खरवडणारा, दातांत पोळी धरून ती ताणणारा, बोळ्याने पॉलिश फिरवणारा, मुशीचे तेल चोळणारा, हे सारे एकाच साखळीतले हात आहेत. व्यापाराच्या इतिहासात त्यांच्यापैकी प्रत्येकाचे द्रव्य सापडते. हात सापडत नाही.

आज हे चित्र आणखी बदलले आहे. कोकणात फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. त्यांना तेल लागत नाही की वार्निश. लाकडी वस्तूंवरही कारखान्यातली कृत्रिम रोगणे आली. लाखेच्या तबकड्या १९५० च्या दशकात मागे पडू लागल्या, पण लाख संपली नाही. औषधाच्या गोळ्यांवर, मिठाईवर, फळांवर तिचा पातळ लेप असतो. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी निघालेली संस्था आजही वेगळ्या नावाने काम करते आहे. द्रव्यांचा इतिहास असा अखंड चालू राहतो. खंड पडतो तो कौशल्याच्या इतिहासात. एका खोडातून डोंगा कोरणारा शेवटचा माणूस एखाद्या गावात गेला की लाकूड कोणते घ्यावे, भिंत किती जाड ठेवावी, नाव केव्हा बुडवावी आणि केव्हा वर काढावी, हे त्याच्याबरोबर जाते. त्याची कुठे पावती फाडलेली नसते.

आमची सूचना साधी आहे. झाडीपट्टीत बोलीचे संमेलन होते, दंडार आणि नाटके होतात, शब्दसंग्रह होतात. त्याच आस्थेने कुणी सानगडी-साकोलीच्या तलावांच्या काठी बसून डोंग्याची विचारपूस करावी. तो कोणत्या लाकडाचा, त्याला काय लावतात, काय लावत नाहीत आणि का लावत नाहीत, हे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण त्याच्या उत्तरात लाकडाविषयी जे येईल तेही इतिहास आहे, आणि ठेक्याविषयी जे येईल तेही. दोन्ही एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहावे.